आधी देणी, मग देणगी

३१ डिसेंबरच्या रात्री चर्चच्या बाकांवर जागा मिळत नाही. वर्षभर ज्यांचे तोंड दिसले नाही ती माणसेही त्या रात्री कुटुंबासह येतात. जुन्या वर्षाबद्दल उपकारस्तुती होते, पापांची कबुली होते, बारा वाजता घंटा होते, हातात हात मिळतात, आणि त्याच्या थोडे आधी किंवा नंतर थैली फिरते. थैलीत आभाराचे पाकीट पडते. पाकिटावर नाव आणि रक्कम लिहिलेली असते. त्या रात्रीच्या साऱ्या उपासनेत तेवढाच एक आकडा असतो, बाकी सगळे शब्द.

आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतल्या या जागरणाचे एक मूळ इंग्लंडमधल्या कोळसा खाणींत आहे. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडचे खाणकामगार शनिवारची रात्र गुत्त्यात काढीत. अठराव्या शतकात जॉन वेस्लीच्या प्रचाराने त्यांच्यातले काही बदलले आणि तीच रात्र, तितक्याच उशिरापर्यंत, प्रार्थनेत काढू लागले. हे बरे दिसत नाही, बंद करा, असा सल्ला वेस्लीला मिळाला. त्याने तो मानला नाही. उलट पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार ठरवून दिला, म्हणजे लांबून येणाऱ्यांना परतताना चांदणे मिळेल. वर्षअखेरची रात्र या प्रथेला पुढे जोडली गेली.

आम्हाला या कथेत प्रार्थनेइतकाच गुत्ता महत्त्वाचा वाटतो. माणसाची रात्र जिथे जाते तिथे त्याचा पैसाही जातो. गुत्त्यातला तो पैसा पुढे कुठे वळला हे इतिहासाची पुस्तके सांगत नसली, तरी किंग्जवुडच्या बायकांना ते नक्की ठाऊक असणार.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की वर्षअखेरीची कबुली घराच्या हिशेबापर्यंत पोचली पाहिजे, आणि तिथे क्रम पाळला गेला पाहिजे. ज्यांचे देणे आहे त्यांचे आधी, आभाराचे पाकीट त्यानंतर. चर्चमध्ये आपण सगळे मिळून, मोघम भाषेत पापी असतो. घरच्या वहीत तसे करता येत नाही. तिथे नाव लागते, तारीख लागते, रक्कम लागते.

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय याबाबतीत आपला गुरू आहे. यरीहोचा हा मुख्य जकातदार झाडावर चढला, येशू त्याच्या घरी उतरला, हे संडे स्कूलच्या मुलांनाही येते. पण त्या घरात जक्कय काय बोलला ते मोठी माणसे लक्षात ठेवत नाहीत. तो रडला असे लिहिलेले नाही. मी फार वाईट माणूस आहे, असेही तो म्हणाल्याची नोंद नाही. त्याने आकडे सांगितले. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट. या घराला आज तारण लाभले असे येशू म्हणतो, ते हे आकडे ऐकल्यावर. लुबाडलेल्यांना परत करण्याआधीच त्याने मंदिराला भरघोस देणगी देऊन टाकली असती, तर ही गोष्ट लूकने सांगितली असती का, याची आम्हाला शंका आहे.

आता आपल्या घरांकडे वळू. नाताळचा खर्च हा काही पाप नाही. मुलांना नवे कपडे, करंज्या-शंकरपाळ्यांचा फराळ, केक, दारावरचा तारा, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवायची ताटे, कॅरल गात येणाऱ्या पोरांसाठी चहा आणि पाकीट, हे सगळे व्हावे. बेथलेहेमच्या गव्हाणीचा दाखला देऊन सणावर विरजण घालणाऱ्या प्रवचनांचा आम्हाला कंटाळा आहे. अडचण सणात नसून सणाच्या पुढच्या महिन्यात असते. नाताळ आहे म्हणून डिसेंबरचा पगार बावीस तारखेला हाती पडला, की पुढचा पगार एकतीस जानेवारीला. म्हणजे जानेवारी चाळीस दिवसांचा झाला. चाळीस दिवस उपवास करून प्रभू मोहात पडला नाही. आपण मात्र दहाव्या-बाराव्या दिवशीच क्रेडिट कार्ड काढतो.

हे कार्ड काय करते ते एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा कार्डावर ४०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. वर्षाचे बेचाळीस टक्के झाले, पण विवरणपत्रावर छापलेला महिन्याचा आकडा लहान दिसतो म्हणून कोणी दचकत नाही. महिन्याचे व्याज १,४०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५२. आता बँक म्हणते, सगळे भरू नका, किमान रक्कम भरा. ती पाच टक्के धरली तर २,००० रुपये. आपण २,००० भरतो आणि महिना निभावला म्हणून सुस्कारा टाकतो. त्यातले १,६५२ रुपये व्याजात आणि करात गेले. मूळ कर्ज कमी झाले ३४८ रुपयांनी. ऋण घेणारा ऋण देणाऱ्याचा दास होतो असे नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे. ज्याने ते लिहिले त्याने अशी विवरणपत्रे पाहिली नव्हती, तरी नेमके लिहिले. घरात मुदत ठेव पडून असेल आणि कार्डाची बाकी वाहत असेल, तर ठेव मोडून बाकी फेडावी. सात टक्के मिळवण्यासाठी बेचाळीस टक्के भरत राहणे याला काटकसर म्हणत नाहीत.

मात्र बँकेचे देणे हे पहिले देणे नाही. बँक स्वतःची काळजी घेते. तिच्याकडे संदेश पाठवणारी यंत्रणा आहे, वसुलीची माणसे आहेत, वकील आहेत. पहिले देणे त्यांचे, ज्यांच्याकडे यातले काही नाही. घरकाम करणारी बाई, दूधवाला, कोपऱ्यावरचा किराणावाला, इस्त्रीवाला, सोसायटीचा वॉचमन, आजारी सासूबाईंजवळ रात्री बसणारी आया. “पुढच्या महिन्यात एकदम देते गं” हे वाक्य आपल्या घरांत किती सहज बोलले जाते. जिला ते ऐकावे लागते तिला आपल्या पोराच्या शाळेत तेच वाक्य बोलता येत नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत देण्याची आज्ञा आहे, आणि कारणही दिले आहे: तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला आहे. याकोब आपल्या पत्रात याच्याही पुढे जातो. अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानापर्यंत जाते, असे तो सांगतो. आपल्या उपकारस्तुतीच्या गाण्यांच्या वेळी ती ओरडही वर जात असेल, तर दोन्हींपैकी आधी काय ऐकले जाईल याचा विचार करावा.

आणि नाताळची बक्षिसी ही थकलेल्या पगाराच्या ऐवजी चालत नाही. केकचा डबा हातात देऊन पगाराचा विषय टाळणारी घरे आमच्या पाहण्यात आहेत.

देण्यांचा आणखी एक प्रकार आहे, तो वहीत कधीच चढत नाही, कारण घेतलेले कर्ज आपले नसते. जामीनकी. आपला समाज मोठ्या प्रमाणावर नोकरदार. शाळामास्तर, नर्स, रेल्वे, पोस्ट, इस्पितळे, महापालिका. पगारदारांची सोसायटी आली, की जामीनदारही आला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी फॉर्म पुढे सरकवतो, चहा सांगतो, आणि आपण सही करतो. नाही म्हटले तर माणुसकी सोडली असे होईल, त्यातून आपण ख्रिस्ती, म्हणजे नाही म्हणण्याची आणखीच चोरी. सही करताना वाटते की हे निव्वळ कागदाचे काम आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२८ सांगते, की करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. सोसायटीला आधी कर्जदाराच्या मागे लागून थकावे लागत नाही. ती सरळ तुमच्याकडे येऊ शकते. सहकारी बदली होऊन गेला, आजारी पडला, दारूला लागला, की कपात तुमच्या पगारातून सुरू.

पवित्र शास्त्राचा या विषयावरचा सल्ला इतका व्यवहारी आहे, की तो व्यासपीठावरून फारसा ऐकू येत नाही याचे नवल वाटते. नीतिसूत्रांचा सहावा अध्याय सांगतो, की शेजाऱ्याला जामीन राहून फसला असशील तर डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, जाऊन गयावया कर, शिकाऱ्याच्या हातून हरिणी सुटते तसा सुटून ये. इथे मान-अपमानाचा प्रश्नच ठेवलेला नाही. दुसरीकडे पौल स्वतः जामीन राहिलेला दिसतो. फिलेमोनाचा पळालेला दास अनेसिम याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे तो आपल्या हाताने लिहून देतो. तुरुंगात बसून. यातून आम्ही एक घरगुती नियम काढला आहे: जेवढी रक्कम त्या माणसाला दान म्हणून देऊन टाकण्याची ऐपत आणि मन आहे, तेवढ्यालाच जामीन राहावे, आणि सही करण्याआधी घरी सांगावे.

घरी सांगावे, हे आम्ही मुद्दाम लिहितो. खरी गाठ तिथेच आहे. कित्येक घरांत नवऱ्याचा नेमका पगार बायकोला माहीत नसतो, नवऱ्याने कुठे जामीनकी केली आहे हे तिला वसुलीची नोटीस आल्यावर कळते, आणि बायकोने भिशीत किंवा बचत गटातून माहेरच्या अडचणीसाठी काय उचलले आहे हे नवऱ्याला कळतच नाही. वडिलांच्या औषधांचा खर्च कोणता भाऊ किती करतो, हा तर तिन्ही भावांच्या घरातला सर्वांत गुप्त विषय. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने जमिनीच्या किमतीचा काही भाग लपवला आणि दोघांचाही शेवट वाईट झाला. त्यांचे समर्थन करायचे कारण नाही. पण निदान किती लपवायचे हे त्या दोघांना एकमेकांच्या संमतीने माहीत होते! आपल्याकडे तेवढीही एकवाक्यता नसते.

तेव्हा वर्ष संपायच्या आत एका संध्याकाळी टीव्ही बंद करून दोघांनी बसावे. मुले कॉलेजात जाणारी असतील तर त्यांनाही बसवावे. फी कुठून येते हे त्यांना कळू दे. आधी प्रार्थना करा, पण लांब नको. मग एका कागदावर येणे, देणे, हप्ते, जामीनक्या, उसने दिलेले, उसने घेतलेले, सोन्यावरचे कर्ज, पॉलिश्या, सगळे उतरवा. एका बैठकीत भांडण झाले तर होऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने सांगितले ते शिष्यत्वाबद्दल, हे खरे. पण असा अंदाज घेणारा माणूस शहाणा, हे ऐकणाऱ्यांना आधीपासून पटलेले होते, म्हणूनच तो दाखला चालला.

त्या कागदावर उसने दिलेल्या रकमांचाही एक रकाना असेल. तिथे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला चाकर आठवावा. त्याला दहा हजार तालांतांचे कर्ज माफ झाले. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. सहा कोटी दिवसांच्या मजुरीतून सुटलेला हा मनुष्य बाहेर येऊन शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबत्याचा गळा धरतो. पुतण्याला कधीकाळी दिलेले पाच-दहा हजार परत येणार नाहीत हे आपल्याला आणि त्याला दोघांनाही ठाऊक असते, तरी दर नाताळात त्यावरून त्याचे येणे टळते. अशी एखादी रक्कम खोडावी आणि त्याला तसे कळवावे. व्यवसायातली येणी मात्र रीतसर वसूल करावीत. सगळ्यांनाच माफी देत सुटायला कोणी सांगितलेले नाही.

आता देणगी. या विषयावर आमच्या काही वाचकांना राग येण्याची शक्यता आहे.

दशांशाला आमचा विरोध नाही. मलाखीचा तिसरा अध्याय सर्वांना पाठ आहे, आणि नियमाने देणारी कुटुंबे नसती तर आपल्या कितीतरी मंडळ्यांच्या पाळकांचा पगार निघाला नसता. पण अलीकडे मोठ्या मंडपांतून आणि मोबाइलवरून जे पेरणीचे प्रवचन चालते, त्याला आमचा विरोध आहे. अमुक रक्कम पेरा, शंभरपट कापणी होईल. कर्जात असाल तर त्याच कर्जातून पेरा, म्हणजे कर्ज तुटेल. कर्जबाजारी विधवेची गोष्ट राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. सावकार तिची दोन मुले दास म्हणून न्यायला आला होता. अलीशाने तिच्याकडून काही मागितले नाही. भांडी तेलाने भरल्यावर त्याने तिला सांगितले, की तेल विक, कर्ज फेड आणि उरलेल्यावर तू आणि तुझी मुले जगा. संदेष्ट्याच्या वाट्याचा त्यात उल्लेख नाही. जो प्रचारक कर्जदाराकडून पाकीट घेतो त्याने हा अध्याय एकदा वाचावा.

येशूने तर याहून कडक भाषा वापरली आहे. आईबापांना जे द्यायचे ते कुर्बान, म्हणजे देवाला वाहिले आहे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना त्याने मार्काच्या सातव्या अध्यायात चांगलेच फटकारले. देवाला दिलेल्या पैशाने आईच्या औषधाचा पैसा अडवला, तर ते देणे देवाला मान्य नाही, इतके ते स्पष्ट आहे. वेस्लीचे पैशाच्या उपयोगावर एक प्रसिद्ध प्रवचन आहे. मिळवणे, वाचवणे आणि देणे या तीन पायऱ्यांसाठी ते ओळखले जाते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण त्यात देण्याचा क्रमही त्याने लावून दिला आहे. आधी स्वतःच्या गरजा, मग बायको, मुले, नोकरचाकर आणि घरावर अवलंबून असलेले इतर, त्यातून उरले तर विश्वासणारे बंधू-भगिनी, त्याहून उरले तर सर्व माणसे. नोकरांना त्याने घराच्या यादीत घातले आहे याकडे आम्ही लक्ष वेधतो.

इथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण कोणी काढील. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे, दारी आलेला रिकामा जात नसे, १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरीही सोडली. महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजाला त्यांचा त्याग ललामभूत आहे आणि असावा. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्याने वाचली आहेत त्याला त्या त्यागाची दुसरी बाजू माहीत आहे. टिळकांनी दिले आणि घर लक्ष्मीबाईंनी निभावले. त्यांनी ते इतक्या विनोदाने सांगितले, की वाचताना आपण हसतो आणि त्या दिवशी चूल कशी पेटली असेल हे विचारायचे विसरतो. टिळकांसारखे देण्याची इच्छा झाली तर उत्तम. मात्र त्याआधी आपल्या घरातल्या लक्ष्मीबाईंना विचारून घ्यावे.

हिशेबाच्या कागदाचा शेवटचा रकाना मृत्यूचा, आणि तो आपल्या घरांत हमखास कोरा असतो. स्वर्गाची खात्री असलेली माणसे मृत्युपत्र करायला एवढी का कचरतात हे आम्हाला उमगलेले नाही.

मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. नवरा वारला आणि बायको-मुले मागे असली तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी भेद न करता सारखे. इथपर्यंत ठीक. पण मुले असताना मृताच्या आईला त्यात काहीच मिळत नाही. ज्या विधवा आईला मुलगा आयुष्यभर सांभाळत आला, ती त्याच्या मागे कायद्याने रिकाम्या हाती राहते, सुनेच्या भलेपणावर अवलंबून. हे टाळायचे तर मृत्युपत्रात तिचे नाव हवे. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. आपली सही आणि दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही द्यायचे आहे त्याला, किंवा त्याच्या पती अथवा पत्नीला, साक्षीदार करू नये. तसे केले तर त्याला दिलेले रद्द ठरते. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: या कायद्याखाली लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्न होताच रद्द होते. ज्या विधुरांनी पुन्हा लग्न केले आहे त्यांनी जुना कागद कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहू नये. चर्चला किंवा धर्मादाय कामाला काही ठेवायचे असेल तर पूर्वी ख्रिस्ती माणसावर कलम ११८ ची जाचक बंधने होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली घटनाबाह्य ठरवली. गोव्यात कायदा निराळा आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या परंपरेने लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची मानली जाते आणि मुलांचा ठराविक वाटा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही.

मृत्युपत्राचे काम वेळ घेईल, नॉमिनी मात्र एका दिवसात होतात. पगाराचे खाते लग्नाआधी उघडलेले असते आणि त्यावर नॉमिनी म्हणून वारलेल्या वडिलांचे नाव तसेच असते. भविष्यनिर्वाह निधी, विमा, पोस्ट, बँक, प्रत्येक ठिकाणचे नाव तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. फक्त नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो बँकेकडून पैसे घेऊन वारसांना पोचवणारा, हे नॉमिनीला आणि वारसांना जिवंतपणीच सांगून ठेवावे, म्हणजे दफनविधीच्या तिसऱ्या दिवशी भांडण होणार नाही. पैसे ठेवले आहेत त्या जागेचीही चौकशी करावी. बँकेतल्या ठेवींना एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांच्या ठेवींना ते नाही, मग अध्यक्ष आपल्याच मंडळीचे असोत किंवा नसोत.

शेवटी मंडळीबद्दल. पैशाचा विषय घराघरावर सोपवून पाळकांनी आणि पंच कमिट्यांनी हात वर करू नयेत. यरुशलेमेत कर्जापायी लोकांची शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडली, मुले दास झाली, तेव्हा नहेम्याने प्रत्येकाला एकट्याने प्रार्थना करायला सांगितले नाही. त्याने सभा बोलावली, सावकारी करणाऱ्या सरदारांना उभे केले आणि शेते व व्याज परत करण्याचा शब्द सर्वांसमक्ष घेतला. आपल्याकडे १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज ओढून काढून जाळले. यरुशलेमेत तशी वेळ आली नाही, कारण तिथे बोलणारा कोणी होता. जर्मनीत रायफायझन नावाच्या एका श्रद्धाळू प्रोटेस्टंट नगरप्रमुखाने गरीब शेतकऱ्यांसाठी उभारलेल्या पतसंस्था १८६० च्या दशकातल्या. त्याच विचाराच्या आधारे आपल्या देशात १९०४ चा सहकारी कायदा झाला, आणि १९१८ साली वसईच्या कॅथलिकांनी आपली सहकारी संस्था काढली, ती आज बॅसिन कॅथलिक बँक म्हणून उभी आहे. पानमळे आणि केळीच्या वाड्या करणारी ती माणसे. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांपैकी काहींनी पुढे त्याच वाड्या बिल्डरला विकल्या आणि आलेल्या रकमेचे काय झाले हे वसईत कुणालाही विचारावे. पण आजोबांनी संस्था काढली होती, हे खोटे होत नाही.

आज प्रत्येक मोठ्या मंडळीत बँकेतून, विमा कंपनीतून, हिशेबखात्यातून निवृत्त झालेली दोन-चार माणसे असतात. त्यांना आपण नाताळच्या प्रीतिभोजनात वाढप्याचे काम देतो. त्यांनी जानेवारीतल्या दोन रविवारी उपासनेनंतर टेबल मांडून बसावे. ज्याला नॉमिनीचा फॉर्म भरायचा आहे, कार्डाची बाकी कशी फेडायची ते विचारायचे आहे, मृत्युपत्राचा मसुदा दाखवायचा आहे, तो येईल. गुप्तता पाळली जाईल एवढी हमी पाळकांनी द्यावी, नाहीतर टेबलापाशी कोणी फिरकणार नाही. आणि घरांना हिशेब शिकवण्याआधी मंडळीने आपला दाखवावा. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमलेली वर्गणी पोचवताना पौलाने एकट्याच्या हाती ठेवली नाही, मंडळ्यांनी नेमलेली माणसे बरोबर घेतली, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विश्वस्त संस्थांना १९५० च्या कायद्याने लेखापरीक्षण बंधनकारकच आहे. चर्चच्या जमिनींचे खटले किती वर्षे आणि कोणाच्या खर्चाने चालले आहेत, हे सभासदांना वर्तमानपत्रातून कळावे लागते, ही स्थिती लाजिरवाणी आहे.

पंच कमिट्यांना आमची विनंती आहे, की जानेवारीच्या पहिल्याच सभेत हे दोन्ही विषय घ्यावेत, एक मंडळीच्या हिशेबाचा आणि दुसरा कुटुंबांसाठीच्या मदतीच्या टेबलाचा, आणि ते अजेंड्यावर सर्वांत वर असावेत. ‘आयत्या वेळचे विषय’ यात ढकलले, तर ते पुढच्या डिसेंबरपर्यंत तिथेच राहतील.